काळी गोळी, ऑक्सिजन आणि बेळगावचा पावसाळा

वायबीसीओची, म्हणजे यट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडची, गोळी भट्टीतून बाहेर काढली की काळी दिसते. अतिसंवाहक (पुरेशी गार केल्यावर विद्युतरोध नाहीसा होणारी) झालेली गोळी काळी, आणि न झालेलीही काळीच. हातात घेऊन, नखाने वाजवून दोघींतला फरक कळत नाही. तो असतो ऑक्सिजनच्या अर्ध्या-पाऊण अणूचा, आणि एवढा ऑक्सिजन गोळीत शिरतो तो भट्टी तापताना नव्हे, निवताना. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कॉलेजांत एम.एस्सी.च्या प्रकल्पाला ही गोळी करायला घेतली की सगळा जीव ९४० अंश गाठण्यात जातो. ते गाठलं की काम झालं असं वाटतं आणि भट्टी बंद करून सगळे घरी जातात. गोळी बिघडते ती त्या रात्री.

इतिहास थोडक्यात. १९११ साली कामरलिंग ओनेस यांना पाऱ्याचा विद्युतरोध ४.२ केल्विनला नाहीसा झालेला दिसला. १९८६ साली बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या वर अतिसंवाहकता दाखवली. १९८७ साली यट्रियम, बेरियम आणि तांबं १:२:३ या प्रमाणात असलेलं ऑक्साइड ९२ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होतं हे जाहीर झालं, आणि त्या वर्षी बंगळूर-मुंबईच्या प्रयोगशाळांतही त्यावर रात्रंदिवस काम चाललं. आपल्याला त्याचं महत्त्व असं की ९२ केल्विनला द्रव हीलियम लागत नाही, द्रव नायट्रोजन पुरतो. तो आपल्या भागात मिळतो.

आता वजनं. सुमारे १० ग्रॅम पावडर हवी असेल तर यट्रियम ऑक्साइड १.६९४ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ५.९२० ग्रॅम आणि कॉपर ऑक्साइड ३.५८० ग्रॅम घ्यायचं. एकूण ११.१९४ ग्रॅम. तिन्ही ९९.९ टक्के शुद्धतेची हवीत. मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो, पण बाटलीतून काढून थेट काट्यावर ठेवायचं नाही. यट्रियम ऑक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. जुलैत उघडी पडलेली बाटली असेल तर वजनात यट्रियम कमी आणि ओलावा जास्त भरतो. ते आधी ८०० ते ९०० अंशांवर दोन-तीन तास तापवून, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करून मगच तोलायचं. बाकी दोघांना ओव्हनमध्ये १५० अंशांवर रात्रभर ठेवलं की झालं. यट्रियम जास्त पडलं तर गोळीत हिरवे ठिपके येतात, कारण दोन यट्रियम, एक बेरियम आणि एक तांबं असलेलं हिरवं संयुग तयार होतं. बेरियम जास्त पडलं तर बेरियम क्युप्रेट उरतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण पावसाळ्यात तेच आधी पाणी ओढतं.

बेरियम कार्बोनेट विषारी आहे. पाण्यात ते विरघळत नाही म्हणून साधं वाटतं, पण पोटातल्या आम्लात विरघळतं. हातमोजे आणि तोंडावर मास्क लागतोच. खलाजवळ चहाचा कप नको, आणि तोललेल्या कागदाचा बोळा करून तो उघड्या टोपलीत टाकायचा नाही.

खल अगेटचा घ्यावा. चिनी मातीचा खल झिजतो आणि त्याची सिलिका, ॲल्युमिना मिश्रणात उतरते. थोडं ॲसिटोन घालून किमान पाऊण तास घोटायचं. सुरुवातीला काळ्यात पांढरे कण दिसतात. शेवटी सगळीकडे एकसारखा राखाडी रंग आला पाहिजे. बोटाने कागदावर पुसलं तर रेघेत पांढरी शीर दिसता कामा नये.

पहिल्या भाजणीला ९०० ते ९२० अंश, १२ ते १५ तास. पावडर बोटीत, म्हणजे भट्टीत ठेवायच्या उथळ सिरॅमिक भांड्यात, पातळ पसरायची, ढीग करायचा नाही, कारण इथे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायचा असतो आणि ढिगाच्या पोटातला तो तसाच अडकून बसतो. बाहेर काढून पुन्हा अर्धा तास घोटून परत तेवढीच भाजणी, असं तीनदा. पुरेसं झालं की नाही हे एक्स-रेशिवायही कळतं. बोटीचं रिकामं वजन आधी करून ठेवलेलं असेल तर ११.१९४ ग्रॅममधून ९.८७ ते ९.९९ ग्रॅमच्या मध्ये काहीतरी उरायला हवं. १०.३ ग्रॅम दिसलं तर कार्बोनेट शिल्लक आहे, चौथी फेरी करा. १० ग्रॅममधला हा तीन-चारशे मिलिग्रॅमचा फरक साध्या काट्यालाही चुकत नाही, तरी बोटीचं वजन करायचंच बहुतेक जण विसरतात.

भट्टीच्या डिस्प्लेवर दिसणाऱ्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. के प्रकारचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) या तापमानाला महिनोन्महिने वापरला की हळूहळू चुकू लागतो. शिवाय तो भट्टीच्या मागच्या भिंतीजवळ असतो आणि गोळी मधोमध. दोन ठिकाणांत १५-२० अंशांचा फरक सहज पडतो. पडताळायचा स्वस्त उपाय म्हणजे शुद्ध चांदी. शहापूरच्या सराफाकडून चांदीच्या तारेचा तांदळाएवढा तुकडा आणा आणि तो गोळीच्याच जागी, छोट्या सिरॅमिक तुकड्यावर ठेवा. चांदी ९६१.८ अंशांना वितळते, पण हवेत तापवली तर ती ऑक्सिजन विरघळवून घेते आणि सुमारे ९५० अंशांनाच वितळते. डिस्प्ले ९४० दाखवत असताना तुकड्याचा गोल मणी झाला, तर तुमची भट्टी निदान १० अंश जास्त तापतेय. तार घ्यावी, दागिन्याची चांदी नको. दागिन्यात तांबं मिसळलेलं असतं आणि ती बरीच आधी वितळते. ही चाचणी हवेतच करायची. शुद्ध ऑक्सिजनमध्ये हा बिंदू आणखी १० अंशांच्या आसपास खाली येतो.

एवढी काटेकोर पडताळणी कशाला, तर १०१० अंशांच्या आसपास हवेत हे संयुग फुटतं. त्यातून हिरवं २-१-१ आणि द्रव अशी वाटणी होते, आणि तो द्रव गोळीतून पाझरून बोटीला चिकटतो. मुळात बेरियम क्युप्रेट जास्त असेल तर हे आणखी खाली, ९०० ते ९५० मध्येच सुरू होतं.

बोटीबद्दल एक गोष्ट. बेळगावच्या यमनापूरला ॲल्युमिनाचा मोठा कारखाना आहे, त्यामुळे ॲल्युमिना हा शब्द इथे कोणाला नवा नाही, आणि ॲल्युमिनाच्या बोटी सगळ्यात सहज मिळतात. पावडर भाजायला त्या चालतात. पण गोळी थेट त्यांच्यावर ठेवायची नाही. गरम वायबीसीओ ॲल्युमिनाशी अभिक्रिया करतं, ॲल्युमिनियम तांब्याच्या जागी शिरतं आणि संक्रमण तापमान (ज्याच्या खाली अतिसंवाहकता येते ते) खाली ओढतं. गोळीचा खालचा भाग बोटीला चिकटतो तो वेगळाच. उपाय सोपा आहे. बोटीत त्याच पावडरचा दोन मिलिमीटर थर पसरायचा, त्यावर एक बिघडलेली जुनी गोळी, आणि तिच्यावर चांगली गोळी. जुन्या गोळ्या म्हणूनच फेकू नयेत.

गोळी दाबायला १३ मिलिमीटर व्यासाची डाय. बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही चांगल्या वर्कशॉपमध्ये ईएन-३१ पोलादाची, कडक करून, ग्राइंड करून मिळते. पंच आणि भोक यांच्यात शतांश मिलिमीटरांतच फट हवी. जास्त असेल तर पावडर फटीत शिरून कडेला पाकळ्या येतात. भोकाची आतली बाजू आरशासारखी करून घ्या. तिथे टूलच्या रेघा राहिल्या तर गोळी बाहेर ढकलताना त्या रेघांवरून आडवी चिरते. १.२ ग्रॅम पावडरला पाच टन पुरतात. म्हणजे चौरस सेंटिमीटरला पावणेचार टनांच्या जवळ. दाब मिनिटभर ठेवायचा आणि अगदी हळू सोडायचा. दहा टन लावले तर गोळी जास्त घट्ट होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. दाब सुटताना आतली कोंडलेली हवा आणि पोलादाची उसळी मिळून गोळीची टोपी उडते. दोन थरांत सुटलेली गोळी भाजल्यावर जुळत नाही. परत खलात घाला.

आता खरं काम. माझा कार्यक्रम असा: मिनिटाला ३ अंशांनी ९४० पर्यंत, तिथे २४ तास. मग मिनिटाला १ अंश या गतीने ४५० पर्यंत खाली, तिथे १८ तास. शेवटी मिनिटाला २ अंशांनी खोलीच्या तापमानापर्यंत. सगळे मिळून साधारण ६० तास, आणि पूर्ण वेळ नळीतून ऑक्सिजन मिनिटाला ५० मिलिलिटर.

९४० अंशांना या संयुगात तांब्याच्या तीन अणूंमागे ऑक्सिजन साडेसहा अणूंपेक्षाही कमी असतो. त्याची रचना चौकोनी, म्हणजे दोन बाजू सारख्या. ती अतिसंवाहक नाही. शुद्ध ऑक्सिजनमध्ये सुमारे ७०० अंशांच्या खाली येताना ती बाहेरचा ऑक्सिजन घेऊ लागते. हे अणू तांब्याच्या साखळ्यांत ओळीने बसतात, एक बाजू दुसरीपेक्षा लांब होते आणि अतिसंवाहक रूप तयार होतं. थंड जागी गोळीला जास्त ऑक्सिजन हवा असतो, पण थंड जागी अणूंना आत सरकायला वेळही जास्त लागतो. ६५० ला वेग भरपूर, पण भूक कमी. ३०० ला भूक भरपूर, पण दारं बंद. ४५० च्या आसपास दोन्हींचा मेळ बसतो. म्हणून तिथे थांबायचं. ऑक्सिजन ६.९ च्या वर गेला तर ९० केल्विनच्या पुढचं संक्रमण मिळतं, ६.६ च्या आसपास राहिला तर ६० केल्विनजवळ, म्हणजे द्रव नायट्रोजनमध्ये काहीच नाही. ६.३५ च्या खाली तर कितीही गार करा, अतिसंवाहकता येतच नाही.

खानापूरच्या कुंभारांना हे वेगळ्या रूपात ठाऊक आहे. आवा निवायच्या आधी उघडला की भांडं तडकतं. इथे गोळी तडकत नाही. शाबूत दिसते, आणि म्हणूनच फसवते.

यात एक पेच आहे. गोळी जितकी घट्ट, तितका ऑक्सिजन आत जायला त्रास. ९५ टक्के घनतेची गोळी सुंदर दिसते, पण १८ तासांत तिच्या फक्त सालीत ऑक्सिजन भरतो. पोट तसंच उपाशी राहतं. अशा गोळीवर द्रव नायट्रोजनमध्ये चुंबक तरंगतो (अतिसंवाहक चुंबकाचं क्षेत्र बाहेर ढकलतो), कारण साल चांगली असते, पण मधून कापून मोजलं तर संक्रमण पसरट येतं. पहिल्या प्रयत्नात ८५-९० टक्क्यांची, थोडी सच्छिद्र गोळी बरी.

ऑक्सिजनचं सिलिंडर ७ घनमीटरचं असेल तर एका फेरीला १८० लिटर धरून ३५ च्या वर फेऱ्या होतात. खर्च त्यात नाही, खर्च विजेचा आहे. रेग्युलेटर, जोड, नळ्या यांना तेल-ग्रीसचा हात लागू द्यायचा नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ग्रीस पेट घेतं. वायू भट्टीत जाण्याआधी सिलिका जेल आणि सोडा लाइमच्या नळीतून न्यावा. बाहेर पडताना पाण्याच्या बाटलीत बुडबुडे सोडावेत म्हणजे प्रवाह चालू आहे हे दिसतं. मात्र भट्टी आणि पाण्याची बाटली यांच्यामध्ये एक रिकामी बाटली हवीच. रात्री सिलिंडर संपलं किंवा प्रवाह मंदावला की निवणारी नळी आतली हवा आकसून घेते आणि पाणी उलटं वर चढतं. ४०० अंशांच्या क्वार्ट्झ नळीत पाणी गेलं की नळीही गेली आणि गोळीही. रिकामी बाटली ते पाणी अडवते.

साठ तासांत वीज जाणारच. कंट्रोलर असा घ्या की वीज आल्यावर तो शून्यापासून सुरू न करता होता तिथून पुढे जातो. ९४० वर असताना वीज गेली तर फारसं बिघडत नाही. पुन्हा चढवा, तास भरून काढा. ६०० ते ४०० च्या दरम्यान गेली तर भट्टी वेगाने उतरते आणि ऑक्सिजन अर्धवट भरतो. तरी गोळी वाया गेलेली नसते. तिला पुन्हा ९४० पर्यंत न्यायची गरज नाही. ऑक्सिजन चालू ठेवून ५५० पर्यंत न्या, तिथून हळू ४५० वर आणून १८ तास द्या. चुंबक न तरंगवणाऱ्या दहांपैकी निम्म्या गोळ्या एवढ्यानेच सुधारतील असं मी बेधडक म्हणेन.

ऑक्सिजन किती भरला हे मोजायला मोठं यंत्र लागत नाही. ज्या कॉलेजात बी.एस्सी. केमिस्ट्री आहे तिथे ब्युरेट आहे, पोटॅशियम आयोडाइड आहे, थायोसल्फेट आहे. दोन टायट्रेशन करायची. गोळीतून १०० मिलिग्रॅम घेऊन बारीक करा. पहिल्यात ती पावडर विरल हायड्रोक्लोरिक आम्लात दहा मिनिटं उकळून विरघळवायची. उकळताना तीन-भारित तांबं दोन-भारित होतं आणि जादाचा ऑक्सिजन निघून जातो. गार करून आयोडाइड घालायचं आणि सुटलेलं आयोडीन ०.०३ मोलर थायोसल्फेटने मोजायचं. १५ मिलिलिटरच्या आसपास लागतं. हे झालं एकूण तांबं. दुसऱ्यात फ्लास्कमध्ये आधी आयोडाइड, नायट्रोजनचे बुडबुडे सोडत ठेवायचे, मग आणखी १०० मिलिग्रॅम पावडर आणि त्यावर गार विरल आम्ल. इथे तीन-भारित तांबं दुप्पट आयोडीन सोडतं. दुसऱ्याच्या मिलिलिटरना पहिल्याच्या मिलिलिटरनी भागा. उत्तरातून १ वजा करा, १.५ ने गुणा, ६.५ मिळवा. तोच ऑक्सिजन.

उदाहरण घ्या. पहिल्याला १५.० आणि दुसऱ्याला १९.३ मिलिलिटर लागलं, भागाकार १.२८७, ऑक्सिजन ६.९३. गोळी उत्तम. दुसऱ्यालाही १५.१ च लागलं तर ऑक्सिजन ६.५१, म्हणजे ४५० वरची १८ तासांची पायरी झालेलीच नाही. हाताने होणाऱ्या चुका दोन. नायट्रोजन न सोडता केलं तर हवेतला ऑक्सिजन आम्लात आयोडाइडचं आयोडीन करतो आणि आकडा खोटा वाढतो. भागाकार १.३४ च्या वर दिसला तर आधी हाच संशय घ्या. दुसरी, स्टार्च लवकर घालणं. पिवळा रंग फिका पेंढ्यासारखा झाला की मगच स्टार्च, नाहीतर निळा रंग सुटता सुटत नाही. तळाशी कॉपर आयोडाइडचा पांढुरका साका आयोडीन धरून बसतो, म्हणून शेवटचे थेंब हलवत हलवत, सावकाश.

विद्युतरोध मोजताना गोळीतून १० मिलिमीटर लांब, २ बाय २ मिलिमीटरची कांडी कापा. कापताना पाणी नको, प्रोपेनॉल वापरा. चार तारा चांदीच्या पेस्टने लावायच्या, बाहेरच्या दोन करंटला, आतल्या दोन व्होल्टेजला. पेस्ट लावण्यापूर्वी पृष्ठभाग बारीक एमरीने घासा, कारण वरच्या थरात कार्बोनेट बसलेलं असतं आणि त्याच्यावर लावलेला जोड शेकडो ओहमचा होतो. चांगल्या कांडीची रोधकता खोलीच्या तापमानाला १ मिलिओहम-सेंटिमीटरच्या जवळपास असते. आतल्या तारांत ५ मिलिमीटर अंतर धरलं तर रोध साडेबारा मिलिओहम, आणि १० मिलिॲम्पिअरला व्होल्टेज १२५ मायक्रोव्होल्ट. हे साध्या मल्टिमीटरचं काम नाही. मायक्रोव्होल्ट दाखवणारा मीटर हवा, आणि प्रत्येक वाचन करंट उलटवून दोनदा घ्यायचं. दोन्हींच्या वजाबाकीचं निम्मं हेच खरं व्होल्टेज. नाहीतर तारांच्या टोकांमधल्या तापमानाच्या फरकाने उठणारे चार-पाच मायक्रोव्होल्ट शून्याच्या जागी दिसत राहतात.

उलट चूक अधिक घातक. गार होताना करंटचा एक जोड सुटला तर व्होल्टेज शून्यावर येतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. म्हणून करंटच्या वाटेत १ ओहमचा रोधक घालून त्यावरचं व्होल्टेज सतत बघा. १० मिलिव्होल्ट दिसतंय तोवर करंट वाहतोय. वर येताना पुन्हा मोजा. खोलीच्या तापमानाला आधीचाच आकडा परत आला पाहिजे.

तापमापक पीटी-१००, कांडीला चिकटून, एकाच तांब्याच्या ठोकळ्यावर. इथे बेळगावची एक खासियत आहे. नायट्रोजन ७७.४ केल्विनला उकळतो असं पुस्तकात असतं, पण ते समुद्रसपाटीचं. आपण सुमारे ७५० मीटर उंचीवर आहोत, हवेचा दाब कमी, म्हणून तो इथे ७६.६ च्या जवळ उकळतो. द्रवात बुडवलेला पीटी-१०० पुस्तकाप्रमाणे २०.३ ओहम दाखवायला हवा, इथे २०.० दाखवतो. यंत्र बिघडलंय समजून त्याची दुरुस्ती करू नका. ९२ केल्विनला तो २६.६ ओहम असतो. हा ठोकळा ज्या काडीच्या टोकाला बसवलाय ती काडी द्रवात एकदम बुडवायची नाही. भांड्याच्या गळ्यात, वाफेत, मिनिटाला एक-दोन केल्विन उतरेल अशी खाली सोडायची. उतरताना आणि चढताना संक्रमण दोन वेगळ्या जागी दिसलं तर काडी घाईने हलतेय.

द्रव नायट्रोजनसाठी गुरांच्या दवाखान्याकडे बघा. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात, त्यामुळे दुधाच्या धंद्याच्या या पट्ट्यात तो नियमित येतो. तुम्ही मात्र पुरवठा करणाऱ्या गाडीकडून घ्या, दवाखान्याच्या साठ्यातून नको. त्यांचं भांडं कोरडं पडलं तर कांड्या गेल्या. तीन लिटरचं भांडं गोळीच्या प्रयोगाला पुरतं. झाकण घट्ट बुचाने बंद करू नका, आणि बंद गाडीत काचा वर करून नेऊ नका. एका लिटरचे जवळजवळ ७०० लिटर वायू होतात. १० बाय १० फुटांच्या बंद खोलीत १० लिटर सांडले तर हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १७ च्या खाली येतो, आणि त्याचा वास येत नाही, रंग दिसत नाही.

चुंबक तरंगला म्हणजे सगळं सिद्ध झालं असं नाही, आणि रोध पडला म्हणजेही नाही. दोन्ही हवेत. २०२३ मध्ये खोलीच्या तापमानाला अतिसंवाहक म्हणून गाजलेल्या एलके-९९ चं असंच झालं. रोधातली उडी त्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडच्या रचनाबदलाची निघाली.

पावसाळ्याला वेगळी तयारी लागते. वायबीसीओ पाण्याशी अभिक्रिया करतं. बेरियम हायड्रॉक्साइड बनतं, ते हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पांढरं कार्बोनेट होतं. काळ्या गोळीवर मीठ फुटल्यासारखा पांढरा थर आला की समजा. खानापूरकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की उघड्या टेबलावर चार-पाच दिवसांतच तो दिसू शकतो. त्याहून मोठं नुकसान मोजमापानंतर होतं. नायट्रोजनमधून काढलेल्या गोळीवर दव जमतं, आणि दव म्हणजे पाणीच. काढल्याबरोबर तिला कोरड्या नायट्रोजनच्या वाफेतच, नाहीतर सिलिका जेलच्या बंद डबीत गरम होऊ द्या. जेल निळं असेल तोवरच कामाचं, गुलाबी झालं की ओव्हनमध्ये.

थिन फिल्मकडे, म्हणजे दुसऱ्या स्फटिकावर चढवलेल्या वायबीसीओच्या अतिपातळ थराकडे, वळताना लक्षात ठेवायचं की गोळीत करंटची खरी अडचण कणांच्या सीमेवर असते. शेजारच्या दोन कणांची दिशा दहा अंशांहून जास्त फिरलेली असेल तर सीमेवरून जाणारा करंट झपाट्याने कोसळतो. म्हणून साध्या गोळीतून ७७ केल्विनला चौरस सेंटिमीटरमागे काहीशे ॲम्पिअर जातात, आणि चांगल्या फिल्ममधून दहा लाखांच्या वर. फिल्ममध्ये सगळे कण एकाच दिशेला बसवायचे असतात, आणि ती दिशा देतो खालचा स्फटिक.

त्यासाठी काच चालत नाही. ८०० अंशांना ती टिकत नाही आणि तिला स्फटिकाची जाळीच नाही. सिलिकॉन वायबीसीओशी अभिक्रिया करतो, मध्ये झिर्कोनिया किंवा सेरियम ऑक्साइडचा थर लागतो. शिवाय तो निवताना वायबीसीओपेक्षा कमी आकसतो, त्यामुळे जाड फिल्म चिरते. स्ट्रॉन्शियम टायटेनेट सगळ्यात बरं. त्याची जाळी ३.९०५ अँगस्ट्रॉम, वायबीसीओची ३.८२ आणि ३.८९. लँथनम ॲल्युमिनेट ३.७९. मॅग्नेशियम ऑक्साइड ४.२१, म्हणजे फरक नऊ टक्क्यांच्या आसपास, पण स्वस्त. तेही ओलाव्याने खराब होतं, म्हणून पाकीट फोडलं की त्याच दिवशी वापरा.

लेझरच्या माऱ्याने टार्गेटमधला पदार्थ उडवून स्फटिकावर थर देण्याची पद्धत वायबीसीओसाठी १९८७ मध्येच वेंकटेशन यांच्या गटाने अमेरिकेत वापरली. लेझर २४८ नॅनोमीटरचा, टार्गेटवर चौरस सेंटिमीटरला दीड ते दोन जूल, सेकंदाला ५ ते १० स्पंद, टार्गेट ते स्फटिक ५ सेंटिमीटर, स्फटिक ७८० अंशांजवळ, ऑक्सिजन ०.३ ते ०.४ मिलिबार. एका स्पंदाला ०.८ अँगस्ट्रॉम धरलं तर २५०० स्पंदांत २०० नॅनोमीटर. टार्गेट म्हणजे आपलीच गोळी, फक्त २५ मिलिमीटरची आणि घट्ट. इथे सच्छिद्र चालत नाही, कारण सैल टार्गेटमधून थेंब उडून फिल्मवर बसतात. प्रत्येक फिल्मआधी टार्गेट बारीक एमरीने घासून घ्यावं. तापमान ४०-५० अंशांनी कमी पडलं तर कण आडवे वाढतात आणि करंट अडतो. एक्स-रेमध्ये फक्त ३८.५ आणि ४६.७ अंशांसारखी उभ्या अक्षाची टोकं दिसायला हवीत. ३२.८ चं टोक डोकावलं तर दिशा बिघडलीय. गोळीत मात्र तेच टोक सगळ्यात उंच असतं.

हे यंत्र आपल्याकडच्या कॉलेजात नसतं. पुणे-बंगळूरला वेळ मागून घ्यावी लागते. रासायनिक मार्ग मात्र जवळ आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अशा पद्धतींनी थिन फिल्म करण्याची जुनी परंपरा आहे आणि बेळगावहून ते दोन-अडीच तासांवर. यट्रियम, बेरियम, तांबं यांच्या नायट्रेटचं १:२:३ पाण्यातलं द्रावण, एकूण ०.१ मोलरच्या आत, ४०० अंशांच्या मॅग्नेशियम ऑक्साइडवर बारीक तुषारांनी फवारायचं, मग ९०० ते ९२० अंशांवर थोडी मिनिटं ऑक्सिजनमध्ये. बेरियम नायट्रेट पाण्यात फार विरघळत नाही. द्रावण दाट केलं आणि डिसेंबरच्या थंडीत रात्रभर ठेवलं तर तळाशी स्फटिक बसतात, प्रमाण बिघडतं आणि फवाऱ्याचं तोंड तुंबतं. ट्रायफ्लुरोॲसिटेटच्या पद्धतीने याहून चांगली फिल्म येते, पण तिच्यात हायड्रोजन फ्लोराइड सुटतो. धूर ओढणारं कपाट आणि तो शोषणारी व्यवस्था नसेल तर तिला हात लावू नये.

पद्धत कोणतीही असो, फिल्मलाही शेवटी तेच लागतं. थर पूर्ण झाला की चेंबरमध्ये ऑक्सिजन अर्ध्या वातावरणाच्या वर भरायचा आणि ४५० वर थांबायचं. २०० नॅनोमीटरला १८ तास नकोत, अर्धा ते एक तास पुरतो, कारण ऑक्सिजनला आत जायचं अंतरच नगण्य. पण बाहेर पडायचं अंतरही तेवढंच. निर्वातात ३०० अंशांच्या वर नेलेली फिल्म काही मिनिटांत ऑक्सिजन गमावते, म्हणून चांदीचे जोड देताना फिल्म निर्वातात गरम करू नका. चांदीचा थर थंडच बसवा, आणि नंतर ऑक्सिजनमध्ये ४५० वर अर्धा तास ठेवा. त्यात जोडाचा रोधही उतरतो आणि साखळ्याही पुन्हा भरतात.